ओहोटीची पाहणी

कयाक दोन माणसांची होती, आणि ती आपणच चालवतोय असं दोघांनाही वाटत होतं.

पुढे धाकटी बसली होती, मागे तिचे सासरे. धाकटीचं वय एक्केचाळीस, बांध विभागात अकरा वर्षं नोकरी, कानामागे पांढरी बट; पण घरात दोन सुनांमधली धाकटी म्हणून आली ती धाकटीच राहिली. एकदा नवऱ्याने ऑफिसच्या फोनवर "धाकटी आहे का?" असं विचारलं आणि तेव्हापासून ऑफिसातही तिचं तेच नाव पडलं. सासरे त्याच विभागातून आठ वर्षांपूर्वी निवृत्त झालेले. या किनाऱ्यावरचा निम्मा बांध त्यांच्या डोळ्यांदेखत उभा राहिलेला, आणि ही गोष्ट ते कोणाला विसरू देत नसत.

"डावीकडे घे."

"बाबा, मी डावीकडेच घेतेय. तुम्ही उजवीकडे मारताय."

"मी दिशा सांभाळतोय. तू फक्त जोर लाव."

खट्. दोघांची वल्ही पुन्हा एकमेकांवर आपटली. सकाळपासून ही विसावी वेळ असेल. धाकटीच्या मानेवर गार पाणी उडालं, ते शर्टाच्या आत ओघळलं, आणि तिने दात आवळले.

खरं तर तिच्यासोबत नवरा येणार होता. विभागाची लाँच गिअर तुटून तीन महिने धक्क्याला बांधलेली, बांधावरची वाट दोन ठिकाणी खचलेली, आणि बावीस झडपांचा पाहणी अहवाल शुक्रवारी हवा म्हणून साहेब डोक्यावर बसलेले. टायपिस्टबाईंच्या भावाकडे कयाक आहे असं कळलं, धाकटीने ती मागून आणली, आणि ती गाडीच्या टपावर चढवता चढवता नवऱ्याची कंबर धरली. तो पलंगावर आडवा झाला आणि सासरे खुर्चीतून उठले. "मी येतो. नकाशा माझ्या डोक्यात आहे." एकाहत्तर वर्षांच्या माणसाला नाही कसं म्हणायचं, याचा विचार धाकटी करेपर्यंत त्यांनी टोपी घातलीसुद्धा.

किनारा सपाट होता. एका बाजूला समुद्राचं उथळ पाणी आणि लव्हाळ्यांची बेटं, दुसऱ्या बाजूला समुद्रापेक्षाही खाली असलेली शेतं, आणि मध्ये मातीचा लांबच लांब बांध. बांधाच्या पोटातून ठिकठिकाणी सिमेंटच्या मोऱ्या काढलेल्या होत्या. मोरीच्या समुद्राकडच्या तोंडावर एक लोखंडी झडप, वरून बिजागरीने टांगलेली. ओहोटीला शेतातलं पावसाचं पाणी ती झडप ढकलून बाहेर पडायचं, आणि भरतीला समुद्र तीच झडप दाबून बंद करायचा. वीज नको, राखणदार नको. सासऱ्यांच्या मते जगात इतकी शहाणी वस्तू दुसरी नव्हती.

"आणि हिला कोणी काही सांगावं लागत नाही," ते प्रत्येक झडपेपाशी म्हणायचे.

'कोणी सांगत नाही हे तिचं नशीब,' धाकटी मनात म्हणायची.

पूर्ण भरती सव्वानऊला होती. भरतीच्या पाण्यावरच लव्हाळ्यांतून कयाक बांधापर्यंत जाऊ शकत होती, म्हणून सगळं त्या दोन-अडीच तासांत उरकायचं होतं. आणि सासरे प्रत्येक मोरीपाशी थांबून तिची जन्मकथा सांगत होते. तिसरीच्या वेळी मुकादम पळून गेला होता. सहावीचं सिमेंट रात्रीच्या पावसात वाहून गेलं होतं. नववीच्या पायात जुन्या जहाजाची फळी सापडली होती. धाकटी एक डोळा घड्याळावर ठेवून "हो का", "अरे वा" म्हणत होती. मांडीवर प्लास्टिकच्या पिशवीत अहवालाचा तक्ता होता. झडपेपुढे तीन चौकोन: सुस्थितीत, नादुरुस्त, जागेवर नाही.

"बाबा, झडप तर पाण्याखाली आहे. वरची सिमेंटची भिंत तेवढी दिसते. काय लिहू?"

"लिही, सुस्थितीत. मी बसवलीय."

पहिल्यांदा तिची पेन्सिल अडखळली. पण लाँचमधून पाहणी होत असे तेव्हाही भिंतच दिसायची आणि भिंत बघूनच खूण व्हायची. जुन्या अहवालांत तिने ते पाहिलं होतं. तिने खूण केली. मग दुसरी केली. तेराव्यापर्यंत हात आपोआप चालायला लागला.

तेरावी झाली तेव्हा साडेअकरा वाजले होते आणि पाणी बरंच उतरलं होतं. लव्हाळ्यांच्या देठांवर ओल्या चिखलाची पट्टी दिसू लागली होती.

"आता बाहेरच्या पाण्यात जाऊ," धाकटी म्हणाली. "उरलेल्या उद्या करू."

"उद्या कशाला? या ओढ्यातून आत घुसलं की चौदावी दहा मिनिटांवर. मी शंभर वेळा गेलोय."

"पाणी उतरतंय, बाबा."

"अगं, या ओढ्याला कायम कमरेएवढं पाणी असतं. तू नकाशे बघतेस, मी पाणी बघितलंय."

यावर तिच्याकडे दोन-तीन उत्तरं होती. पण चार तास वल्हं मारून खांदे भरून आले होते आणि वाद घालायचा म्हणजे मान मागे वळवावी लागत होती. तिने कयाक ओढ्यात घातली.

सतराव्या मिनिटाला तळ खरवडल्याचा आवाज आला. विसाव्या मिनिटाला कयाक थांबली. सासऱ्यांनी वल्ह्याने रेटा दिला तसं वल्हं हातभर चिखलात गेलं आणि काढताना त्यांची टोपी पडली. पाणी मात्र घाईघाईने, त्यांच्याकडे न बघता, दोन्ही बाजूंनी निघून गेलं. पाऊण तासात चहूकडे चकचकीत करडा चिखल होता, त्यात खेकड्यांची भोकं, आणि मध्ये नारिंगी कयाकमध्ये एकामागे एक बसलेली सून आणि सासरे.

"गाळ साचलाय," सासरे म्हणाले. "पूर्वी नव्हता."

धाकटीने पिशवीची गाठ पक्की केली. ती बोलली असती तर घरी जाऊन चार दिवस पुरलं असतं.

तेवढ्यात साहेबांचा फोन आला. "मॅडम, अहवालाला मुखपृष्ठ निळं हवंय की हिरवं, ते वरून विचारलंय."

"सर, मी चिखलात अडकलेय."

"कोणत्या प्रकरणात?"

"खऱ्या चिखलात, सर. पाणी संध्याकाळी सहाला येईल."

पलीकडे कागद उलटल्याचा आवाज आला. "मग निळं सांगतो," साहेब म्हणाले.

तिने उकडलेली अंडी आणि ब्रेड काढला. अर्धं मागे दिलं. खाताना तिची नजर समोर बांधावर गेली. चौदावी मोरी शंभरेक पावलांवर होती. सकाळपासून तेरा मोऱ्यांच्या नुसत्या भिंती पाहिल्या होत्या; पायापर्यंत उघडी पडलेली ही पहिलीच. भिंतीच्या पोटात मोरीचं गोल काळं तोंड होतं, एखाद्या माणसाने आ वासावा तसं. तिने चावायचं थांबवलं.

"बाबा, चौदावीला झडप नाही."

"असं कसं? डोळे तपास."

"तोंड उघडं आहे. काहीच नाही त्यावर."

सासऱ्यांनी चष्मा पुसला, कपाळावर हात धरून बराच वेळ पाहिलं, आणि मग त्यांचा आवाज चढला. "चोरली! भंगारवाल्यांनी नेली असणार. पावणेदोनशे किलोची झडप, आणि दिवसाढवळ्या नेली! लोकांना लाज म्हणून राहिली नाही. आपण राबून उभं करायचं आणि यांनी विकून खायचं. लिही, लिही, जागेवर नाही म्हणून लिही. चोरी असं ठळक लिही."

"चोरली नाही," वरून आवाज आला. "आत आहे."

बांधाच्या माथ्यावर एक बाई उभी होती. साठीच्या आसपासची, गुडघ्यापर्यंत रबरी बूट, कमरेवर हात. ती किती वेळ ऐकत होती कोण जाणे.

"आत म्हणजे?" धाकटीने विचारलं.

"आत म्हणजे आत. शेताच्या बाजूला. वर येऊन बघा. की तिथूनच लिहिताय?"

तिने दोन लांब फळ्या आणून चिखलावर टाकल्या. धाकटी एका फळीवरून दुसरीवर, मग पहिली ओढून पुढे, असं करत निघाली. मागून सासरे आले. मध्येच त्यांचा एक पाय मांडीपर्यंत रुतला आणि बूट आत राहिला. पाय काढण्यातच दहा मिनिटं गेली. धाकटीने काखेत हात घालून त्यांना ओढलं, आणि दोघंही एकमेकांवर चिडून, धापा टाकत, बांधावर पोचली.

पलीकडे शेत नव्हतं. शेत असायला हवं होतं तिथे गुडघाभर पाणी होतं, हिरवट, हलायचं नाव नाही. कडेला पांढरी खपली धरलेली जमीन. बारा-पंधरा फळझाडांचे खोडके उभे होते, पान नसलेले. आणि मोरीच्या शेताकडच्या तोंडावर, आठ बोल्टांनी नीट घट्ट बसवलेली, गंजाची एक रेघसुद्धा नसलेली अशी ती शहाणी झडप होती. पाण्याने आतून दाबून गच्च बंद केलेली.

धाकटीला समजायला क्षणभरच लागला. झडप उलट्या तोंडावर होती. भरती आली की समुद्र मोरीतून येऊन तिला आत ढकलून उघडायचा. ओहोटी लागली की आत शिरलेलं पाणी बाहेर पडू बघायचं आणि स्वतःच्याच वजनाने तिला बंद करून घ्यायचं. समुद्राला यायची मोकळीक, जायची नाही.

"कोणीतरी नंतर बदललं असेल," सासरे म्हणाले. "दुरुस्तीच्या वेळी."

"दुरुस्ती?" बाई हसली. "दुरुस्तीला इथे कोण आलंय? बसवली तशी आहे. मी इथेच उभी होते. कामगारांना म्हटलं, जुनी लाकडी झडप बाहेरच्या अंगाला होती, ही आत का? ते म्हणाले, बाई, तुम्ही स्वयंपाक बघा, आम्ही नकाशा बघतो."

"नकाशात बाहेरच होती! नकाशा मी स्वतः–" सासरे थांबले.

"नकाशात असेल," बाई म्हणाली. "शेतात नाहीये."

बांधाला लागूनच तिचं घर होतं. ती आत गेली आणि पत्र्याचा एक डबा घेऊन आली. त्यात तिने केलेल्या तक्रारींच्या नकला आणि आलेली उत्तरं तारखेप्रमाणे लावलेली होती. उत्तरं सगळी सारखीच: पाहणी करण्यात आली, झडप जागेवर व सुस्थितीत आहे. पहिल्या उत्तराला झडप बसवल्याच्या दाखल्याची प्रत जोडलेली होती. धाकटीने तो दाखला वाचला. खाली सही होती, शेवटच्या अक्षराची शेपटी लांब ओढून वर वळवलेली. तिच्या लग्नाच्या नोंदणीवर साक्षीदार म्हणून हीच सही होती. नवऱ्याच्या शाळेच्या प्रगतिपुस्तकांवर हीच.

तिने कागद सासऱ्यांकडे दिला.

त्यांनी तो हात लांब करून धरला. मग जवळ आणला. मग पुन्हा लांब. एवढा वेळ लागण्यासारखं त्यात काही नव्हतं, चारच ओळी होत्या.

"लाँचने आलो होतो," ते शेवटी म्हणाले. "भरती होती. लाँच भरतीलाच येते इथे."

"उतरला नव्हतात?" धाकटीने विचारलं.

"त्या दिवशी सात झडपा करायच्या होत्या. चार वाजता ऑफिसात माझा निरोपसमारंभ होता." त्यांनी कागदाची घडी घालायचा प्रयत्न केला, ती जमेना. "भिंत नीट होती. भिंत पाहिली मी."

धाकटीच्या पँटच्या खिशातल्या पिशवीत तेरा खुणांचा तक्ता होता. ती बाईकडे बघू शकली नाही. राग आला होता, पण तो कोणावर काढायचा तेच कळेना. सासऱ्यांवर काढावा तर तिची पेन्सिल सकाळपासून त्यांच्याच वाटेने चालली होती.

"ही सही माझी आहे," सासरे बाईला म्हणाले.

बाईने त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं. एक बूट, दुसरा पाय चिखलाने माखलेला. आता ही फाडकन काहीतरी बोलणार असं धाकटीला वाटलं, आणि बोलली असती तर बरंच झालं असतं. पण बाई म्हणाली, "मला वाटलं होतं तुम्ही उंच असाल."

मग तिने डावा हात पुढे केला. मधली दोन बोटं पेरापाशी संपत होती. "पहिली दोन वर्षं मी रोज ओहोटीला येऊन हिच्यात वासा घालायची. पाणी जायचं. भरतीच्या आत वासा काढायचा. दिवसातून दोनदा, ऊन असो, ताप असो. तुमची झडप दोन वर्षं मीच होते. मग एकदा वासा सटकला."

 ऊन डोक्यावर होतं. सासऱ्यांनी पाणी मागितलं.

"आणलेलं देऊ की विहिरीचं?"

"विहिरीचं द्या."

धाकटीने एक घोट घेतला आणि थुंकला. सासऱ्यांनी पेला तोंडाला लावला आणि सावकाश, न थांबता, रिकामा केला. दुसरा मागितला.

"पुरे," बाई म्हणाली. "त्याने काही होणार नाही, उगाच उलटी होईल. एक उलटी आहे तेवढी बास झाली."

धाकटीला हसू आलं आणि त्याच वेळी रडू फुटेल असं वाटलं. तिने दोन्ही गिळलं.

पाच वाजता पाणी परत यायला लागलं. तिघंही आतल्या बाजूला उभी राहिली. आधी मोरीत गुळगुळ आवाज झाला. मग झडप हळूच, अगदी अदबीने, आत उघडली आणि समुद्र शेतात आला. सासरे तिच्याकडे पाहत राहिले. आयुष्यभर त्यांनी तिचं कौतुक केलं होतं, आणि तिने आत्ताही काही चूक केली नव्हती.

परतताना त्यांनी वल्हं मांडीवर आडवं ठेवलं ते उचललंच नाही. सगळं अंतर धाकटीने एकटीने काटलं, दर दहा हातांनंतर तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत.

दुसऱ्या दिवशी तिने तक्त्यावरच्या तेरा खुणा खोडल्या आणि साहेबांच्या टेबलासमोर उभी राहिली.

"नादुरुस्त लिहा," साहेब म्हणाले.

"नादुरुस्त नाहीये, सर. उत्तम चालते. उलटी चालते."

"मग सुस्थितीत लिहा."

"सर, शेत बुडालंय."

"मॅडम, तक्त्यात तीन चौकोन आहेत. चौथा मी कुठून आणू?" त्यांनी आवाज खाली आणला. "आणि दाखल्यावर सही कोणाची आहे ते मी बघितलंय. घरातलं प्रकरण आहे. तुम्हीच विचार करा."

"विचार केलाय, सर. आणि बाकीच्या एकवीस ओहोटीला पुन्हा बघायला लागतील. भरतीच्या वेळी आपण सगळ्यांनी नुसत्या भिंती बघितल्यात."

"ओहोटीला लाँच जात नाही."

"कयाकही जात नाही, सर. अडकून बसावं लागतं."

साहेबांनी डोळे मिटून घेतले.

घरी सासूबाईंनी तिच्याशी बोलणं टाकलं. बोलल्या त्या एकदाच, भांडी आवरताना. "चाळीस वर्षं राबले ते. एका सहीसाठी त्यांना चव्हाट्यावर आणलंस."

"मी नाही आणलं, आई. ते स्वतःच सांगतायत सगळ्यांना."

ते खरं होतं. सासऱ्यांनी सुवाच्य अक्षरात निवेदन लिहिलं, अमुक तारखेचा माझा दाखला चुकीचा आहे, झडप प्रत्यक्ष न पाहता दिलेला आहे. आणि ते घेऊन ऑफिसात गेले. सगळे उठून उभे राहिले. "या, या, साहेब, बसा." चहा सगळ्यांनी दिला, कागद कोणी घेतला नाही. आवक विभाग म्हणाला, निवृत्त माणसाचं पत्र निवृत्तिवेतन विभागातून यायला हवं. निवृत्तिवेतन विभाग म्हणाला, झडप आमच्याकडे येत नाही. ते सलग तीन दिवस बाकावर बसले. चौथ्या दिवशी धाकटी जेवणाच्या सुट्टीत बाहेर आली, तर ते तिथेच होते, कागद गुडघ्यावर.

"बाबा, घरी जा. मी बघते."

"या बाकावर कधी बसलो नव्हतो मी," ते म्हणाले. "किती कडक आहे गं."

धाकटीच्या ओठांवर आलं होतं, ती बाई आठ वर्षं बसलीय. ते त्यांना न बोलताच ऐकू आल्यासारखं वाटलं. त्यांनी मान हलवली.

शेवटी तिने ते निवेदन आपल्याच अहवालाला जोडलं, तक्त्यात हाताने चौथा चौकोन आखला, त्यावर 'उलटी' असं लिहिलं, आणि अहवाल साहेबांना न दाखवता वर पाठवून दिला. त्यासाठी तिला लेखी समज मिळाली. अहवालही परत आला, दोनदा. एकदा पानांचे क्रमांक नव्हते म्हणून, एकदा मुखपृष्ठ निळं नव्हतं म्हणून. फोन केला की कोणीतरी रजेवर असायचं. दर पंधरवड्याला ती बांधावरच्या बाईला फोन करून सांगायची, "मावशी, अजून नाही." बाई म्हणायची, "बरं." त्या 'बरं'पेक्षा शिव्या परवडल्या असत्या.

चार महिन्यांनी मंजुरी आली.

दोन फिटर साखळ्या, पाने आणि कप्पी घेऊन खचलेल्या वाटेने चार तास चालत गेले. त्यांच्याबरोबर सासरेही चालत गेले. कोणी बोलावलं नव्हतं, पण दिशेच्या बाबतीत आता ते कोणावर भरवसा ठेवायला तयार नव्हते. धाकटी कयाकने गेली, एकटी, आणि मुद्दाम ओहोटीच्या तोंडावर ओढ्यात शिरून ठरवून अडकली.

"बाहेरच्या अंगाला," सासरे फिटरांना सांगत होते.

"कळलं, काका."

"बिजागरी वर. उघडणार समुद्राकडे."

"काका, पाचव्यांदा सांगताय."

"दहाव्यांदा सांगेन."

आठ बोल्ट. आतल्या भिंतीवरून काढून, कप्पीने बांधावरून पलीकडे नेऊन, बाहेरच्या भिंतीवर घट्ट केले. तीन तासांचं काम. तोवर मोरीचं आतलं तोंड मातीच्या पोत्यांनी बुजवलेलं होतं; शेवटचा बोल्ट आवळून पोती ओढली तसं आतलं पाणी मोरीत भरलं. झडप थरथरली, वीतभर उघडली, आणि काळं, कुजकं, कित्येक वर्षांचं पाणी बाहेर पडलं. फिटर नाकाला रुमाल लावून मागे सरले. बाई वर उभी होती. धाकटीने तिच्याकडे पाहिलं. काहीतरी दिसेल अशी तिची अपेक्षा होती. बाई फक्त पाण्याकडे पाहत होती.

"आता जमीन कधी सुधारेल?" तिने विचारलं.

"मीठ धुऊन जायला तीन-चार वर्षांचा पाऊस लागेल," धाकटी म्हणाली. खोटं सांगता आलं असतं.

"म्हणजे तोवर मी पासष्टीच्या पुढे."

"हो."

"बरं."

दहा मिनिटांत धार बारीक झाली. मग थांबली. झडप अर्धवट उघडी राहून लोंबकळत होती आणि तिच्यासमोर पाण्याचं डबकं साचलं होतं. धाकटी चिखलात उतरून बघते तो काय, मोरीपुढचा ओढा आठ वर्षांत गाळाने भरून आला होता. मोरीपेक्षा बाहेरची जमीन उंच. पाण्याला जायला वाटच नव्हती.

"गाळ आमच्याकडे नाही," एक फिटर लगेच म्हणाला. "ते बंदर विभागाचं काम."

धाकटीने फोन काढला. साहेब म्हणाले, "बरोबर आहे, बंदर विभाग. तुम्ही पत्राचा मसुदा करा, पुढच्या महिन्यात बघू." तिने फोन बंद केला आणि एवढ्या जोरात ओरडली, की लव्हाळ्यांतले बगळे उडाले. शब्द असे काही नव्हते. नुसती ओरड. फिटरांनी पाने पिशवीत भरायला सुरुवात केली.

सासऱ्यांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली. "फावडं आहे का?" त्यांनी बाईला विचारलं.

"सगळा ओढा खणणार?"

"सगळा नाही. हातभर रुंद चर, ओढ्याच्या खोल भागापर्यंत. चाळीस पावलं. एकदा धार लागली की पुढचं पाणीच खणतं."

"तुमचं वय काय?"

"फावडं द्या हो."

बाईने दोन आणली. धाकटीने एक घेतलं. चिखल जड होता, फावड्याला चिकटत होता, प्रत्येक घास हाताने खरवडून काढावा लागत होता. पाच पावलांतच सासऱ्यांना धाप लागली. ते फावड्यावर रेलून उभे राहायचे, मग पुन्हा वाकायचे. "बाबा, वर जाऊन बसा," असं धाकटी दोनदा म्हणाली. तिसऱ्यांदा म्हणाली नाही. फिटरांनी एकमेकांकडे पाहिलं. एक जण बूट काढून खाली उतरला, दुसरा बसून राहिला.

भरती सव्वादोनला लागणार होती. दीड वाजता अठ्ठावीस पावलांचा चर झाला होता आणि सासऱ्यांना फावडं उचलवत नव्हतं. बाई बांधावरून उतरली. तिने त्यांच्या हातातलं फावडं काढून घेतलं, तीन बोटांच्या हाताने दांडा पकडला, आणि धाकटीच्या पुढे जाऊन खणू लागली. तिचा हात त्या दोघांपेक्षा दुप्पट भरभर चालत होता.

दोन वाजून पाच मिनिटांनी चर खोल पाण्याला जाऊन मिळाला. डबकं हललं. झडप पुन्हा उघडली आणि पाणी धावायला लागलं, चराच्या कडा खात, रुंद होत. ते दहा-पंधरा मिनिटं वाहिलं. मग बाहेरून भरती आली, झडप आपटून बंद झाली, आणि समुद्र तिच्यावर धडकून बाहेरच राहिला.

आतल्या भिंतीवर पाण्याची ओली रेघ उमटली होती. पाणी त्याखाली चार बोटं उतरलं होतं. धाकटीने पट्टी लावून मोजलं आणि वहीत लिहिलं. सासरे बाईच्या घराच्या पायरीवर पाय पसरून बसले होते, डोळे मिटून.

"रात्रीच्या ओहोटीला आणखी जाईल," ते म्हणाले. "आपोआप."

"बघते ना मी," बाई म्हणाली. "आपोआप म्हणतात त्यावर माझा विश्वास नाही आता." तिने फावडी चिखलासकट भिंतीला टेकवली आणि धाकटीकडे वळली. "ते बंदर विभागाचं पत्र आजच लिही. मला नक्कल पाठव. तारीख घाल."

धाकटीने वहीचं पान उलटलं आणि तिथेच, चिखलाच्या हाताने, तारीख घातली.